गिअरबॉक्सचे तेल का गळते?

गाडीच्या गिअरचा दांडा जुना झाला म्हणजे त्याची खबर प्रथम हाताला लागते. दुसरा गिअर चाचपडत शोधावा लागतो, चौथा लागला की नाही याची खात्री वाटत नाही, आणि न्यूट्रलमध्ये तर तो दांडा सैल झालेल्या खुंटीसारखा नुसता डुलत राहतो. मग मालक एके दिवशी गॅरेजमध्ये जाऊन नवा दांडा आणि त्याचे नवे बुश बसवून घेतो. गाडी पुन्हा तरुण झाल्याच्या आनंदात चार दिवस जातात. पाचव्या दिवशी सकाळी गाडी बाहेर काढताना खालच्या फरशीवर रुपयाएवढा काळसर डाग दिसतो. आठवड्याने तो बशीएवढा होतो. मालक मेस्त्रीला दोष देतो. मेस्त्री म्हणतो, गळती जुनीच होती, साहेबांचे लक्ष आता गेले. दोघांच्याही म्हणण्यात थोडेथोडे तथ्य असते, आणि म्हणूनच हे भांडण सहसा मिटत नाही.

प्रश्न केवळ फरशी खराब होण्याचा असता तर त्याचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. इंजिनातील तेलाचा दाब कमी झाला तर चालकासमोर तांबडा दिवा लागतो. गिअरबॉक्ससाठी सामान्य मोटारीत असा दिवाच नसतो. तेथील तेल मुकाट्याने जाते. तेलाच्या थेंबाचे माप काही ठरलेले नाही. परंतु एका मिलिलिटरला तीस थेंब धरले, तर मिनिटाला एक थेंब या हिशेबाने दिवसाला १,४४० थेंब, म्हणजे ४८ मिलिलिटर तेल वाहून जाते. महिन्याचा हिशेब जवळजवळ दीड लिटरवर जातो, आणि लहान मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये एकंदर तेल असते ते साधारण दोन लिटरच्या आसपास. प्रत्यक्षात मात्र हा हिशेब पुरा होत नाही. तेलाची पातळी गळक्या जागेच्या खाली गेली की उभ्या गाडीचा थेंब थांबतो. फरशी कोरडी दिसते. गळती आपोआप बरी झाली असे मानून मालक निःश्वास टाकतो. खरे पाहता धोक्याची वेळ तीच होय. कारण गळायला तेल उरले नाही, म्हणून ते गळत नाही. पुढे एखाद्या दिवशी कुटुंबासह खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट चढताना पेटीतून घरघर ऐकू येऊ लागते, आणि त्या वेळी बेअरिंगे व दातेरी चाके यांचे नुकसान होऊन चुकलेले असते. शंभर-दोनशे रुपयांच्या रबरी कड्याचे काम तेव्हा अख्ख्या गिअरबॉक्सवर गेलेले असते.

गिअरच्या दांड्याचा आणि तेलाचा संबंध कोठे येतो, हे समजण्यासाठी दांडा पेटीला कसा जोडलेला असतो ते पाहिले पाहिजे. सर्व गाड्यांत ही जोडणी एकसारखी नसते. भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ राज्य केलेल्या अॅम्बॅसडर आणि पद्मिनी या गाड्यांत गिअरचा दांडा वर्षानुवर्षे स्टिअरिंगच्या खांबावर असे, आणि तेथून सळ्या व सांधे यांच्या वळणावळणाच्या मार्गाने हाताची आज्ञा पेटीपर्यंत पोचत असे. अॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. जीपची तऱ्हा निराळी. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत ज्यांची जुळणी होऊ लागली त्या विलीज जीपमध्ये पुढे रूढ झालेला लांब दांडा थेट गिअरबॉक्सच्या झाकणातच उभा असतो. त्याचे खालचे टोक तेलाच्याच घरात असते. याउलट डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि ओढणारी चाके ही सर्व पुढे गेली. चालकाच्या शेजारचा दांडा पेटीपासून दूर राहिला. त्याच्या बुडापासून एक सळई गाडीखालून पुढे जाते आणि पेटीतून बाहेर डोकावणाऱ्या एका लहान शाफ्टला जोडली जाते. हा शाफ्ट स्वतःभोवती फिरतो आणि आतबाहेर सरकतोही. फिरण्याने गिअरची जोडी निवडली जाते आणि सरकण्याने गिअर लागतो.

जीपमध्ये दांडा बदलायचा म्हणजे तेलाच्या घराचे छप्पर उचलायचे. तेथे गळतीची शंका सरळ छपरावर घेता येते. मारुतीसारख्या गाडीत मात्र दांडा बदलताना तेलाला कोणी हातही लावलेला नसतो. तरीही थेंब पडू लागतो, तो कसा?

शाफ्ट जेथून पेटीबाहेर येतो त्या भोकात एक कडे बसविलेले असते. गॅरेजच्या भाषेत त्याला ऑइल सील म्हणतात. बाहेरून पत्र्याचा कणा, आतून रबराचा पातळ ओठ, आणि तो ओठ शाफ्टवर टेकलेला राहावा म्हणून बहुधा त्याच्या पाठीमागे बारीक गोल स्प्रिंग, एवढीच त्याची रचना. पूर्वी हा ओठ चामड्याचा असे. हातपंपातील चामड्याचा वायसर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तत्त्व वेगळे सांगावयास नको: ओला असेतो तो नळीला चिकटून राहतो, सुकला की पंप नुसता खडखडतो. जर्मनीतील वाइनहाइम गावच्या फ्रॉयडेनबर्ग या मूळच्या कातडी कमावणाऱ्या पेढीनेच १९३० च्या दशकात प्रथम चामड्याचे आणि मग कृत्रिम रबराचे सील तयार करून या क्षेत्रात नाव मिळविले. चामड्याच्या व्यापाऱ्यानेच चामड्याला निवृत्त करावे, हा उद्योगाच्या इतिहासातील एक मौजेचा प्रसंग आहे.

रबर मात्र अमर नव्हे. दहा-बारा वर्षे गरम तेलात राहिलेला ओठ कडक होतो. त्याने शाफ्टच्या ज्या भागावर इतकी वर्षे ठाण मांडलेले असते, त्या भागाचा आकार त्याने घेतलेला असतो. कोणी त्रास दिला नाही तर असे म्हातारे सील आणखी काही वर्षे काम देते. दांडा बदलताना त्याला त्रास होतो तो असा. जुन्या सळईचा सांधा गंजलेला असतो. त्यातील पिन निघत नाही म्हणून हातोड्याचे घाव पडतात, आणि प्रत्येक घावाबरोबर शाफ्ट ओठावर आडवा दाबला जातो. ही झाली मेस्त्रीची चूक, किंवा निदान घाई. खाली टेकण देऊन, योग्य जाडीच्या पंचाने पिन काढली असती तर हा मार टळला असता. दुसरे असे की, शाफ्टच्या बाहेरच्या भागावर धूळ बसू नये म्हणून एक रबरी घडीदार टोपी असते. ती कामाच्या वेळी मागे सारली जाते, कधी फाटते, कधी परत नीट बसवायची राहून जाते. एरवी बाहेरच राहणारा गंजका भाग जुळणीच्या वेळी आत ढकलला गेला, की तो गंज कानशीसारखा ओठावरून फिरतो. एकदाच फिरला तरी पुरे. आणि टोपी फाटलेली राहिली तर पावसाळ्यातील चिखल हेच काम रोज थोडेथोडे करीत राहतो.

आणखी एक कारण आहे, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स हे रबराच्या गाद्यांवर, म्हणजे माउंटिंगवर, बसविलेले असतात. गाडी सुटताना किंवा वेग एकदम कमी करताना ते पुढेमागे झुलतात. दांड्याचे बुश जुने आणि ढिले होते, तोवर हा झोका त्या ढिलाईतच जिरून जात असे. नवे घट्ट बुश बसले की जिरायला जागा राहत नाही. माउंटिंग फुटलेले असेल, किंवा दांड्याची बैठक पेटीला बांधून ठेवणाऱ्या जोडसळईचा बुश तेवढा जुनाच ठेवलेला असेल, तर इंजिनाचा प्रत्येक झोका थेट शाफ्टला ओढतो. सील त्या ओढाताणीत सापडते. येथे मेस्त्रीने बसविलेला दांडा निर्दोष असतो, आणि मालकाची तक्रारही खरी असते.

हल्ली तरुण मालकांना आखूड फिरणाऱ्या दांड्याचा मोह पडतो. त्याचे गणित तरफेचे आहे. टेकूच्या वर दांडा ३० सेंटिमीटर आणि खाली ६ सेंटिमीटर असेल, तर हाताने लावलेला जोर खाली पाचपट होतो. नव्या दांड्यात वरची बाजू २४ आणि खालची ८ केली, तर हाताचा प्रवास तीन पंचमांशांवर येतो. पण जोर तिप्पटच होतो, म्हणजे त्याच कामासाठी हाताला अधिक रेटा द्यावा लागतो. एवढ्याने सील फुटत नाही. परंतु आखूड प्रवासाची धुंदी चढलेला हात दांडा ओढत नाही, फेकतो. आणि असा दांडा थोडा जरी तिरका बसला असेल तर प्रत्येक फेकीचा धक्का शाफ्टला बाजूने बसतो. शौकाला हरकत नाही. मात्र जुन्या सीलवर नवा शौक चढवू नये.

आता थेंब पाहिल्याबरोबर सील बदलावयास धावावे काय? मुळीच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचे प्रकार मोटारीच्या खाली फार घडतात. चालत्या गाडीखालचा वारा तेल मागे उडवितो, ते आडव्या पट्ट्यांवरून सरकत जाते आणि जेथे सर्वांत खालचा कोपरा असेल तेथून ठिबकते. थेंब पडतो ती जागा आणि तेल निघते ती जागा यांत हातभर अंतर असू शकते. प्रथम ते तेल गिअरबॉक्सचेच आहे की नाही हे ठरवावे. चालू इंजिनाचे तेल बहुधा काळे आणि पातळसर असते. गिअरचे तेल दाट असून त्याला गंधकाचा उग्र वास येतो; त्यात दाताला दात घासू नयेत म्हणून गंधक आणि फॉस्फरस यांची द्रव्ये घातलेली असतात. एकदा हुंगलेला हा वास विसरत नाही. मग पेटीचा सर्व बाहेरचा भाग रॉकेलने धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून, त्यावर अंगाला लावायच्या पावडरीचा पातळ थर उडवावा. आठ-दहा किलोमीटर गाडी फिरवून आणावी आणि विजेरीच्या उजेडात पाहावे. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ जेथून सुरू होते ती गळतीची खरी जागा. कधी ती शाफ्टच्या सीलपाशी निघते, कधी चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सीलपाशी, तर कधी नुसता तेल भरण्याच्या भोकाचा बोल्ट ढिला असतो.

याच वेळी दुसरी एक खूण जमा करावी. रात्रभर गाडीखाली जुन्या खोक्याचा पुठ्ठा टाकून ठेवावा. उभ्या गाडीतून रात्रभर तेल ठिबकत असेल, तर गळकी जागा तेलाच्या पातळीच्या खाली आहे. पुठ्ठा कोरडा, पण प्रवासानंतर मात्र पेटी ओली, असे असेल तर गळती पातळीच्या वर आहे. तेथे तेल उडून जाते किंवा आतील दाबाने ढकलले जाते.

हा दाब म्हणजे या विषयातील खरा लपलेला गुन्हेगार. गिअरबॉक्सला हवा जाण्यायेण्यासाठी एक बारीक श्वासमार्ग ठेवलेला असतो; कारागीर त्याला ब्रीदर म्हणतात. वरून लहानशी टोपी किंवा रबरी नळी, एवढेच त्याचे रूप. ती धुळीने व तेलाच्या कीटाने बुजली, तर पेटी कोंडलेली राहते. आतील हवा ३० अंशांवरून ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की बंद जागेत तिचा दाब सुमारे एक पंचमांशाने वाढतो. तो दाब कोठून तरी वाट काढणारच, आणि सर्वांत दुबळा ओठ तो प्रथम उघडतो. नुकत्याच झालेल्या कामात जो ओठ दुखावला असेल, तोच अर्थात सर्वांत दुबळा असतो. म्हणून काही गाड्यांत नवे सील घातले तरी पंधरा दिवसांत पुन्हा थेंब दिसतो, ते काढून तिसरे घातले जाते, आणि प्रत्येक वेळी सीलच्या दर्जाला शिव्या बसतात. दोन मिनिटांत ब्रीदर साफ केला असता तर हा सारा खर्च वाचला असता. तेल पातळीपेक्षा अधिक भरल्यानेही असेच होते. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, अशी समजूत करून घेऊन काही लोक मापाच्या वर भरतात, आणि दातेरी चाके ते घुसळून तापवितात.

जीपच्या तऱ्हेच्या पेटीत तपास सोपा, पण फसवणूकही निराळी. दांड्यासाठी झाकण उघडून परत बसविताना खालचे जुने पॅकिंग पुन्हा वापरले, किंवा त्याचा तुकडा पृष्ठभागावर चिकटलेला राहिला, तर झाकणाच्या कडेने तेल झिरपते आणि पेटीच्या पाठीमागून खाली उतरते. पाहणाऱ्यास वाटते, मागचे सील गेले. तसेच ज्या बोल्टचे भोक आरपार पेटीत उघडते, त्याच्या आट्यांतूनही तेल वर चढते. अशा बोल्टला लेप लावल्यावाचून बसवू नये. झाकणाचे दोन्ही पृष्ठ स्वच्छ खरवडून, नवे पॅकिंग घालून, बोल्ट समोरासमोरचे क्रमाने थोडेथोडे आवळावे. लेप भरमसाट थापू नये. आत ओघळलेला लेप सुकून तुटतो आणि तेलाबरोबर फिरत राहतो.

मारुतीसारख्या गाडीचे शाफ्टसील बहुतेक वेळा पेटी न उतरविता बदलता येते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये. भक्कम घोडी लावावी, किंवा गॅरेजचा खड्डा वापरावा. तेल सोडण्यापूर्वी भरण्याच्या भोकाचा बोल्ट सुटतो की नाही हे आधी पाहावे. खालचा बोल्ट काढून सर्व तेल सोडले आणि मग वरचा गंजून जाम झाल्याचे ध्यानात आले, तर गाडी जागच्या जागी अडकून पडते. हा अनुभव पुष्कळ घरगुती कारागिरांनी घेतलेला आहे आणि तो दुसऱ्यांदा कोणी घेत नाही.

सळईचा सांधा सोडविल्यावर टोपी काढावी आणि शाफ्टचा उघडा भाग न्याहाळावा. गंज असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने तो शाफ्टभोवती आडवा घासून काढावा. लांबीच्या दिशेने उभा घासू नये. उभा ओरखडा म्हणजे तेलाला बांधून दिलेला पाटच. जुने सील उचकटताना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक शाफ्टला किंवा भोकाच्या भिंतीला लागू देऊ नये. सीलच्या पत्र्यात बारीक भोक पाडून त्यात लहान स्क्रू पिळावा आणि पकडीने सरळ ओढावे, ही रीत अधिक सुरक्षित. भोक पाडताना निघणारा कीस आत जाऊ नये म्हणून हत्याराच्या टोकाला ग्रीस लावलेले असावे. नवे सील घालण्यापूर्वी शाफ्टच्या टोकावरील धारदार कडांवर चिकटपट्टी गुंडाळावी, ओठाला गिअरचेच तेल लावावे, आणि ज्या बाजूस स्प्रिंग दिसते ती बाजू तेलाकडे, म्हणजे आत, ठेवावी. उलटे बसलेले सील हे गळतीचे अगदी हमखास कारण आहे. कोरडा ओठ पहिल्याच फेरीत जळतो. सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या नळीने किंवा सॉकेटने ते सरळ, हलक्या ठोक्यांनी जुन्याच खोलीपर्यंत बसवावे. टोपी फाटलेली असेल तर नवीच घालावी; ती काही शोभेची वस्तू नव्हे. बाहेरून लांबी फासणे, किंवा रबर फुगविणारी औषधे तेलात ओतणे, हे उपाय चार दिवसांचे आहेत, आणि त्या चार दिवसांत खरी जागा शोधणे अधिक अवघड होऊन बसते.

त्यानंतर इंजिनाचे माउंटिंग आणि जोडसळईचा बुश हालवून पाहावे. मग सळई जोडावी, आणि घट्ट करण्यापूर्वी शाफ्ट न्यूट्रलमध्ये सहज, ओढ न बसता उभा राहतो की नाही ते पाहावे. सळई जोडण्यासाठी शाफ्ट जबरदस्तीने वळवावा लागत असेल, तर ती जुळणी चुकलेली आहे असे समजून सैल करून पुन्हा बसवावी.

तेलाच्या निवडीबाबतही दोन शब्द आवश्यक आहेत. डब्यावर ८०डब्ल्यू-९० असे आकडे पाहून हे तेल इंजिनाच्या ४० किंवा ५० क्रमांकाच्या तेलापेक्षा दुपटीने दाट असावे असे वाटते. तसे नाही, दोन्हींची मोजपट्टी निराळी असून ९० क्रमांकाचे गिअरतेल तापल्यावर जवळजवळ त्या ४०-५० इतकेच दाट असते. खरा भेद जीएल-४ आणि जीएल-५ या वर्गांत आहे. जीएल-५ मध्ये दाब सोसणारी द्रव्ये अधिक, ढोबळ मानाने दुपटीच्या आसपास, असतात. मागच्या अॅक्सलमधील चाकांना ती हवीच असतात. परंतु हातगिअरच्या पेटीत गती जुळविणारी पितळी कडी असतात. काही जीएल-५ तेले उष्णतेत पितळेला बाधतात, आणि कड्यांना आवश्यक असलेले घर्षणही कमी करतात. मोठा आकडा म्हणजे उंची माल, हा हिशेब येथे लागू पडत नाही. गाडीच्या पुस्तिकेत जो वर्ग लिहिला असेल तोच घ्यावा. दिल्लीच्या जानेवारीतील पहाटे गिअर जड जातो आणि नागपूरच्या मे महिन्यात तोच लोण्यासारखा जातो, यावरूनही तेल बदलण्याची घाई करू नये. दाटपणा थंडीत वाढतोच.

भरताना गाडी चारही बाजूंनी समतल असावी. एकाच बाजूने उचललेल्या गाडीत भरण्याच्या भोकातून तेल लवकर ओसंडते किंवा उशिरा, आणि दोन्ही वेळा माप चुकते. भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आले आणि बाहेर ओघळू लागले की थांबावे, ओघळ संपू द्यावा, आणि बोल्ट लावावा. बोल्टचा वायसर जुना चपटा झाला असेल तर तो बदलावा.

गाडी फिरवून आणल्यावर दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर पुन्हा एक-दोन थेंब दिसण्याचा संभव असतो. सांध्यांच्या खाचांत आणि आडव्या पट्ट्यांवर साचलेले जुने तेल दोन-तीन दिवस उतरत राहते. म्हणून पेटी पुन्हा पुसावी, पावडर उडवावी, पुठ्ठा बदलावा, आणि आठवडाभराने गाडी समतल जागी उभी करून भरण्याच्या भोकाचा बोल्ट काढून करंगळीने पातळी तपासावी.